तीन वेळा सारवलेलं

मातिया कवूमा गेला त्या दिवसापासून बैठकीतला त्याचा कॉम्प्युटर झाकूनच होता. नाबोसाने स्वतःच्या हाताने विणलेलं पांढरं जाळीदार कापड त्याच्यावर होतं, आणि त्या कापडाकडे बघायचं ती टाळायची. नवरा गेल्याचं दुःख होतंच. पण दुःख निदान चार बायकांत बसून रडता येतं. या दुसऱ्या गोष्टीबद्दल तोंड उघडायची सोय नव्हती.

गोष्ट एवढीशीच होती. मातियाच्या पोटात कॅन्सर होता. शेवटच्या महिन्यांत मसाकाहून नर्स यायची आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत हिरवं औषध भरून ठेवून जायची. मॉर्फीन. चार-चार तासांनी द्यायचं, आणि मध्येच कळ आली तर थोडं आणखी. थोडं म्हणजे किती, ते नर्सने नीट सांगितलं होतं. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वर्गात इतिहास शिकवताना कधी आवाज चढवला नाही, तो माणूस उशी चावून ओरडायला लागला की नर्सने सांगितलेलं कुठलं डोक्यात राहतंय? एका दुपारी नाबोसाने दोन चमचे जास्त दिलं. तो झोपला, आणि इतका गाढ झोपला की हलवलं तरी जागा होईना. ती धावत कॉम्प्युटरपुढे बसली आणि तिने इंटरनेटला विचारलं, मॉर्फीन किती जास्त झालं तर माणूस मरतो? जे पान उघडलं ते कॉम्प्युटरवर उतरवूनसुद्धा घेतलं.

काही दिवसांनी तिने तेच पुन्हा विचारलं. पहिल्यांदा विचारलं ते भीतीने. दुसऱ्यांदा का विचारलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि स्वतःशीही ती त्याबद्दल फार बोलली नाही. दिलं मात्र नाही. मातिया त्याच्या आजाराने गेला, त्याच्या वेळेला गेला, तिचा हात हातात धरून गेला. विचारलेलं सगळं तिने तेव्हाच काढून टाकलं होतं, उतरवलेलं पानही कॉम्प्युटरवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं, आणि ते संपलं असं ती स्वतःला समजावत होती.

घरात दोन मुली होत्या, रेगिना आणि पुल्केरिया. मुलगा नव्हता. त्यामुळे वारस म्हणून उभा राहणार होता तो दिराचा मुलगा देओ, आणि वारसाकडे घर जातं हा कुळाचा रिवाज. त्या घराच्या अर्ध्या विटा नाबोसाने शाळेच्या पोरांचे स्वेटर विणून आणलेल्या होत्या. पण कागद मातियाच्या नावावर, आणि विटांना बोलता येत नाही. एकच आशा होती. बायको चांगली होती, तिने नवऱ्याची सेवा केली, असं कुळाने म्हटलं तर तिला तिथंच राहू देतात, आणि वारस नावापुरता राहतो. उलट, तिने आजारपणात काही केलं असा नुसता संशय आला, तर दुसऱ्या दिवशी तिची भांडी रस्त्यावर. अशी भांडी नाबोसाने न्येंडो गावात दुसऱ्यांच्या दारात पाहिली होती.

आणि संशय घ्यायला घरात माणूस हजर होतं. मातियाची सेंगा, म्हणजे आत्या, फेडेरेसी आजारपणात मदतीला म्हणून आली होती ती अजून हलली नव्हती. मदत म्हणजे काय, तर खुर्चीत बसून सगळ्यांवर नजर ठेवायची. मातिया जिवंत असताना ती बाटली उजेडात धरून बघायची.

"काल हिरवं इथवर होतं," ती बोट लावून म्हणायची.

"रात्री फार दुखलं त्यांना, सेंगा."

"दुखलं असेल. मी काय म्हणते, इथवर होतं."

तो गेल्यावर तिने बाटली आपल्या पिशवीत टाकली. कशाला, ते विचारायची नाबोसाची छाती झाली नाही. कधी तिरसट झाली की म्हातारी म्हणायची, "थांब. वेळ आली की मातिया स्वतःच बोलेल." हे ऐकलं की नाबोसा भरल्या ताटावरून उठायची.

ओलुम्बे उठायची तारीख ठरवायला दीर अलोझियो आला तेव्हा नोव्हेंबर लागला होता. ओलुम्बे म्हणजे घरावर बसलेला मृत्यू. वारस उभा करून, जेवण घालून तो उठवायचा. तोवर मेलेल्या माणसाच्या वस्तू जिथल्या तिथे राहतात. त्याची कपाटं उघडायची नाहीत, खिसे चाचपायचे नाहीत. बायकोने तर मुळीच नाही. नाबोसाने ते इतकं काटेकोर पाळलं होतं की मातियाचा चष्मा अजून खिडकीत धूळ खात पडला होता.

अलोझियोने चहा घेतला, तारीख सांगितली, मटोकेचे, म्हणजे हिरव्या केळ्यांचे, घड कुठून आणायचे ते सांगितलं, आणि मग कपाने त्या पांढऱ्या कापडाकडे इशारा केला.

"वहिनी, त्याला हात नाही ना लावलात?"

"नाही भावोजी. मी कशाला लावू?"

"नका लावू. देओ येणार आहे कंपालाहून, तो बघेल त्याचं. फार हुशार झालंय कार्टं. दुकानात बसून लोकांच्या मशिनी उघडतो. म्हणतो, बाबा, लोकांना वाटतं डिलीट केलं की गेलं. काही जात नाही. सगळं आतच असतं, आणि मी काढतो."

"सगळं?"

"सगळं," अलोझियो हसून म्हणाला. "कचऱ्यात टाकलेलंसुद्धा."

सेंगा फेडेरेसी पण हसली. ती हसते हेच इतकं नवीन होतं की नाबोसाने हातातली बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी लोकर आणायचं निमित्त काढून ती भाड्याच्या बोडा मोटरसायकलवर बसली आणि टॅक्सी पार्कजवळ गोरेट्टीच्या सायबर कॅफेत गेली. गोरेट्टी तिची शाळेपासूनची मैत्रीण. अंगाने भरलेली, तोंडाने त्याहून. नाबोसाने दार लोटून घेतलं, आणि जे विचारलं होतं ते, एकदाच विचारलं असं सांगून, तिला सांगितलं.

गोरेट्टीने आधी दाराची कडी लावली.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. "नर्सला फोन करायचा सोडून त्या खोक्याला विचारलंस? आणि तेही त्याच्याच मशिनवर?"

"काढून टाकलं गं ते मी. उतरवलेलं पानसुद्धा कचऱ्यात टाकलं."

"काढून टाकलं म्हणे! अगं, काढून टाकलं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली. पानं आहेत तिथंच. माझ्याकडे येतात ना ते चर्चवाले आणि लग्न झालेले साहेब, पंधरा मिनिटं बसतात आणि तोंड पुसून जातात. त्यांना वाटतं खिडकी बंद केली की झालं. संध्याकाळी मी मशिन उघडली तर अर्ध्या गावाचे संसार मोडतील."

"मग तू काय करतेस?"

"सारवते." गोरेट्टीने टेबलावरून हात फिरवून दाखवला. "आपल्या आज्यांच्या घरात भिंतीवर पोरांनी कोळशाने काही लिहिलं तर नुसतं पुसून जायचं नाही, डाग राहायचाच. मग वरून शेणमातीचा हात द्यायचा. हे तसंच. एक प्रोग्रॅम आहे. मोकळ्या जागेवर, जिथं जिथं टाकलेलं, काढलेलं, उरलेलं पडलंय तिथं तो नुसती गिचमिड लिहीत सुटतो. तीन वेळा सारवलं की देओ काय, देओच्या बापाचा बाप आला तरी खाली काय होतं ते कळणार नाही."

"त्यांच्या फायली?"

"जे आहे त्याला धक्का नाही. फक्त जे टाकलंय त्याच्यावरच. तुझं ते उतरवलेलं पान कचऱ्याच्या डब्यात असेल ना? मग डब्यालाही खूण कर. पण आधी डब्यात डोकावून घे हं, त्याचं काही असेल तर."

नाबोसाने मान हलवली. "ते नाही जमायचं. ओलुम्बे उठलेलं नाही अजून. त्यांच्या वस्तूंत मी कशी डोकावू?"

"कचरा गं तो!"

"कचरा झाला तरी त्यांचाच."

"म्हणजे बघायचं नाही आणि टाकायचं मात्र?"

"केर आपण काढतोच की. तो उपसून वाचत बसतो का कुणी?"

गोरेट्टीने कपाळाला हात लावला. पण प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून दिला, आणि कुठे कुठे खूण करायची ते कागदावर नाही, नाबोसाच्या तळहातावर बोटाने काढून दाखवलं.

रविवारी सेंगा मुलींना घेऊन चर्चला गेली. नाबोसा अंग मोडून आलंय म्हणून मागे राहिली. बैठकीत एकटी उभी राहून तिने कापड उचललं तेव्हा तिला खरोखरच ताप चढल्यासारखं झालं. मशिन सुरू झालं. पडद्यावर मातियाने लावलेलं बुगाला बेटाच्या किनाऱ्याचं चित्र आलं, आणि कोपऱ्यात कचऱ्याचा तो छोटा डबा. त्यातून कागद वर आलेला दिसत होता. म्हणजे आत काहीतरी होतं.

आत काय असेल याचा तिने अंदाज केला तो असा: जुन्या प्रश्नपत्रिका. मातिया परीक्षेचे पेपर त्याच डब्यात लपवायचा. शाळेची पोरं घरी यायची, कॉम्प्युटरवर बसायची, सगळं उचकटायची. पण कचऱ्याला कुणी हात लावत नसे. "बघ नाबोसा," तो म्हणायचा, "इतकी वर्षं झाली, एकालाही सुचलं नाही." आणि स्वतःच्या हुशारीवर तो असा खूश व्हायचा की तिला हसू यायचं.

आता तिला हसू आलं नाही. पेपर असतील, आणि त्यात आपलं ते पान असेल. एकदा बोट दाबलं असतं तर डबा उघडला असता आणि आत काय ते दिसलं असतं. तिचं बोट तिथं गेलंसुद्धा. पण मेलेल्या नवऱ्याचं कपाट ओलुम्बेआधी उघडणारी बाई कशी असते हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं, आणि आपण तशा नाही याचा तिला अभिमान होता. एवढा एकच अभिमान तिच्याजवळ उरला होता. तिने बोट मागे घेतलं, तळहातावर काढून दाखवलेल्या सगळ्या खुणा केल्या, डब्यालाही केली, तीन वेळा असं निवडलं, आणि सुरू केलं.

पट्टी हळूहळू सरकायला लागली. इतकी हळू, की चर्च सुटलं तरी पहिला हात पुरा झाला नव्हता. फाटक वाजलं. नाबोसाने पडदा तेवढा बंद केला, वर कापड टाकलं, आणि मशिन तसंच चालू ठेवलं.

सेंगा आली ती नाकतोड्यांची पिशवी घेऊन. हंगाम होता, रस्त्यावर जो तो तेच विकत होता. बैठकीत चटई टाकून तिने पाय पसरले, पिशवी पालथी केली आणि एकेकाचे पंख, पाय तोडायला बसली. नाबोसाही शेजारी बसली. दर वर्षी मातियासाठी ती हे करायची. कांदा घालून तळलेले नाकतोडे त्याला आवडायचे, आणि बायको किती निगुतीने पंख तोडते त्यावर तो शेजाऱ्यांपुढे मिरवायचा.

"ते काय घुंघुं करतंय?" सेंगाने विचारलं.

"कॉम्प्युटर. दमट हवेत खराब होतो म्हणून गरम करत ठेवलाय."

"खराब नको व्हायला," म्हातारी घाईने म्हणाली. "बिघडला तर गं?"

"म्हणूनच तर, सेंगा."

"हां. ठेव मग चालू. चांगलं केलंस."

नाबोसाला तिच्या या अचानक आलेल्या काळजीचं आश्चर्य वाटलं. म्हातारीने आपल्याला कधी 'चांगलं केलंस' म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. दोघी दुपारभर तशाच बसल्या, पंख तोडत, आणि त्यांच्या मागे कापडाखाली ते यंत्र घुंघुं करत राहिलं. दिवेलागणीच्या सुमारास आवाज थांबला. नाबोसाने पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

ओलुम्बे उठायच्या दिवशी अंगण माणसांनी भरून गेलं. केळीच्या सोपटांचे मांडव, मागे चुलींवर पानांत बांधलेला मटोके, ढोल. सकाळी देओला दारात उभा केला. खांद्यावर झाडाच्या सालीचं तांबडं वस्त्र, हातात भाला. जीन्स खालून दिसत होती. कुळाच्या म्हाताऱ्याने त्याला सांगायचं ते सांगितलं: भुकेल्याला जेवू घाल, चुलतीला आईसारखी मान, बहिणींची लग्नं कर. देओ माना डोलवत होता. नाबोसा मुलींना घेऊन बायकांच्या चटईवर बसली होती, आणि कितीतरी महिन्यांनी तिचा श्वास मोकळा चालला होता. बाटली पिशवीत असेल म्हातारीच्या, तर असू दे. रिकामी बाटली काय बोलणार!

तेवढ्यात सेंगा फेडेरेसी उठली. लुगडं सारखं केलं. एवढ्या मोठ्या माणसांत बोलायचं म्हणून ती आधी गुडघ्यांवर बसली, पण आवाज काही खाली बसला नाही.

"जेवायच्या आधी मातिया बोलणार आहे," ती म्हणाली.

ढोल थांबले.

"शेवटच्या आठवड्यात त्याने मला जवळ बसवलं. म्हणाला, सेंगा, मला जे सांगायचंय ते मी माझ्या तोंडाने बोलून मशिनमध्ये ठेवलंय. घर कुणाचं ते, आणि नाबोसाबद्दल बोलायचं ते. माझ्या नेहमीच्या डब्यात टाकलंय, देओला ठाऊक आहे. वारस उभा राहील त्या दिवशी सगळ्यांपुढे लावा. तोवर नाबोसाला सांगू नका. तिला कळलं तर ती रोज ऐकत बसेल आणि रडून मरेल. मी जिभेला गाठ मारली होती. आज सोडली."

नाबोसाला ऐकू आलं, पण कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा देओ मशिन उचलून व्हरांड्यात आणत होता, आणि कुणीतरी आवाज मोठा यावा म्हणून लग्नातला स्पीकर जोडत होतं. पांढरं कापड खाली पडलं होतं. पुल्केरिया उड्या मारत होती. "बाबा बोलणार? खरंच बाबा बोलणार?"

देओने बटणं दाबली. वाकून बघितलं. पुन्हा दाबली.

"डबा रिकामा आहे," तो म्हणाला.

"नीट बघ," अलोझियो म्हणाला.

"बघितलं बाबा. असू दे, काढतो मी. डब्यातून टाकलं तरी आत असतंच."

त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. लोक ताटकळले. चुलीवरून मटोकेचा वास येत होता, लहान पोरं रडायला लागली होती. नाबोसा पडद्याकडे बघत होती आणि मनात, ज्या देवाकडे इतके दिवस 'पुसून टाक' म्हणून रडली होती त्याच देवाला आता विनवत होती, की निघू दे, एवढं एक निघू दे, माझंही निघालं तर निघू दे.

देओ ताठ झाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"काही नाही आत. नुसतं काढलं असतं तर निघालं असतं. कुणीतरी वरून लिहिलंय. आणि एकदा नाही." तो बापाकडे बघत होता, नाबोसाकडे बघायचं टाळत होता. "हे आपोआप होत नाही, बाबा."

अलोझियो सावकाश चटईपर्यंत चालत आला.

"वहिनी. तो काय बोलला होता तुमच्याबद्दल, जे तुम्हाला पुसावं लागलं?"

"मला ठाऊकच नव्हतं," नाबोसा म्हणाली. "देवाशपथ, भावोजी, तिथं त्यांचा आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं."

"मग पुसलंत काय?"

तिला खोटं बोलता आलं असतं. हात लागला, पोरींनी केलं, वीज गेली. पण रेगिना शेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि व्हरांड्यातला स्पीकर अजून खरखरत होता. नाबोसा गुडघ्यांवर आली आणि जे लपवण्यासाठी तिने हे सगळं केलं होतं ते, साऱ्या कुळापुढे, स्वतःच्या तोंडाने बोलली.

"मी विचारलं होतं, मॉर्फीन किती जास्त झालं तर माणूस मरतो. ते पुसलं."

सेंगाने पिशवीतून बाटली काढली आणि कुळाच्या म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवली.

"मी दिलं नाही," नाबोसा म्हणाली. "घाबरून विचारलं होतं. दिलं नाही मी."

तिचं म्हणणं खोटं आहे असं कुणीच म्हणालं नाही. कुळाचा म्हातारा इतकंच म्हणाला, की मारलं असा आरोप कुळ करत नाही, पोलिसांना बोलावायचं नाही, घराण्याची अब्रू आहे. घर देओचं. नाबोसाने महिनाअखेर माहेरी जावं. मुली हव्या तर सोबत न्याव्यात. मग जेवणं झाली. केळीच्या पानांवर वाढलं, लोकांनी बोटं चाटून खाल्लं, आणि बायकोने पुसलं म्हणजे मातिया तसंच काहीतरी बोलला असणार यावर सगळ्यांचं एकमत होऊन लोक आपापल्या घरी गेले.

देओ दुसऱ्या दिवशी तिला मोरीपाशी भेटला. भाला नव्हता, सालीचं वस्त्र नव्हतं, नेहमीचा देओ.

"काकू, मी फक्त तो आवाज लावणार होतो हो," तो म्हणाला. "तुम्ही काय शोधलं, काय वाचलं, ते कोण बघतं? मला बघायचंच नव्हतं. तुम्ही हात लावला नसतात तर कुणाला कधी कळलंसुद्धा नसतं."

"हो रे," नाबोसा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? हा पोरगा वाईट नव्हता. घर मात्र तो घेणार होता.

महिनाअखेरीस दारात पिकअप उभी राहिली. विणायचं मशिन, मुलींच्या पेट्या, भांडी. कॉम्प्युटर वारसाचा, तो तिथंच राहिला. वरचं कापड तेवढं नाबोसाने घडी करून घेतलं, ते तिचं होतं. सेंगा फेडेरेसी खुर्चीत बसून सामान मोजत होती. सगळं चढल्यावर नाबोसा रिवाजाप्रमाणे तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

म्हातारीने सामान मोजायचं थांबवलं.

"तो मशिनमध्ये बोलत होता तेव्हा मी दाराच्या पडद्याबाहेरच होते," ती म्हणाली. "मला बाहेर काढलं होतं त्याने, पण कान थोडेच काढून ठेवता येतात? सगळं नाही आलं ऐकू. खोकत होता मध्ये मध्ये. शेवटचं तेवढं आलं. म्हणाला, 'वेबाले, नाबोसा.'"

वेबाले. 'केलंस, आभार' म्हणून काम करून आलेल्या माणसाला म्हणतात, ओझं उतरवलेल्या माणसाला म्हणतात. मातिया रोज म्हणायचा, ताट ठेवलं तरी, उशी सारखी केली तरी.

नाबोसाने मान वर केली. मग म्हणाली, "हे त्या दिवशी अंगणात का नाही सांगितलंत, सेंगा?"

"मला कुणी विचारलं?" म्हातारी म्हणाली. "आणि पडद्यामागून अर्धंमुर्धं ऐकलेलं चार माणसांत सांगायचं असतं का? मी काय चोरून ऐकणारी बाई आहे?"

बाहेर ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मुली गाडीत बसल्या होत्या. नाबोसाने उठून तिथल्या तिथे म्हातारीचा गळा धरायला हवा होता; तेवढा राग तिच्या अंगात होता. पण तिने म्हातारीचा हात धरला.

"ते कसे म्हणाले? तसंच म्हणून दाखवा ना."

"अगं, काय म्हणून दाखवू—"

"म्हणा ना, सेंगा."

"वेबाले, नाबोसा," सेंगा म्हणाली.

नाबोसा डोळे मिटून ऐकत होती. तो म्हातारीचा घोगरा, तंबाखूचा आवाज होता.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.